टँकरची रिबीन

मी एक जुनी कात्री आहे. दिवा गावातल्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्रात राहते. माझा जन्म पेशंटांच्या चिकटपट्ट्या कापण्यासाठी झाला आणि पहिली दोन वर्षं मी तेच केलं. पण मित्रांनो, एका उद्घाटनाला भाड्याची सोनेरी कात्री आलीच नाही. केंद्र चालवणाऱ्या मेघनाताईंनी मला पुसून तबकात ठेवलं. तेव्हापासून मी समारंभांची झाले.

तीन मशीन, चार पंखे आणि एक वॉटर कूलर यांची उद्घाटनं माझ्या हातून झाली. कूलरचं दोनदा झालं. दुसऱ्यांदा पाहुणे वेगळे होते. फोटोत माझी फक्त दोन कडी दिसायची, तीही कुणाच्या तरी बोटांत. मी तक्रार केली नाही.

अडचण अशी, की डायलिसिसला भरपूर पाणी लागतं आणि दिव्याच्या नळांना ते मान्य नाही. टँकर आणावा लागतो. मशीन द्यायला लोक रांग लावत. टँकर द्यायला कोणी नसे. शेवटी सोमवारचं डायलिसिस बंद करायची वेळ आली. मासळी विकणाऱ्या बायजामावशी आठवड्यातून तीनदा यायच्या, त्यातला एक वार हाच.

"दोन वारांत माझं निभणार नाय गो," त्या मेघनाताईंना म्हणाल्या. "पाय बघ, आताच दुधीभोपळे झालेत."

त्याच आठवड्यात बाळकुमला टॉवर बांधणारे परशुरामशेठ चौथं मशीन द्यायला आले.

"शेठ, मशीन नको. ऑगस्टभर पाणी द्या."

"अहो मॅडम, पाण्यावर नाव कुठे टाकू? ते तर गटारात जाणार!"

"मग एक तारखेला या. उद्घाटन आहे."

"कशाचं?"

"या तर खरं."

शेठ फोटोग्राफर घेऊन आले. दारात टँकर उभा. त्याच्या पाइपाला लाल रिबीन आणि टाकीवर हातभर अक्षरांत 'ऑगस्टचं पाणी : परशुरामशेठ'. शेठचा चेहरा पडला. मग आजूबाजूच्यांनी मोबाइल वर केले आणि तो सावरला.

"कापा ना शेठ!" बायजामावशी दारातून ओरडल्या. "माझा नंबर लागलाय!"

शेठनी रिबीन कापली आणि पाइपाजवळच उभं राहून चेक दिला. फोटो फिरला. सप्टेंबरसाठी दोन मंडळं भांडली. मेघनाताईंनी मग केंद्रातल्या दीप्ती सिस्टरच्या पगारालाही रिबीन लावायची ठरवली.

"मला बांधू नका हां," सिस्टर म्हणाली. "खुर्चीला बांधा."

मे महिना मात्र कोणी घेईना. दाते गावी गेलेले, टँकरचा भाव चढलेला. मेघनाताई एप्रिलभर फोन करत होत्या. अखेर पेशंटांच्या घरच्यांनी एकेक दिवस वाटून घेतला. समोरच्या रिक्षा स्टँडने दोन घेतले. टाकीवर नावं मावेनात. रिबीन कापायला बायजामावशींना उभं केलं. सगळे म्हणाले, थांबा, फोटो काढू.

"फोटू मंगशी काढ. पयलं पानी सोड," असं म्हणून त्यांनी मला एका दमात चालवलं आणि थेट आत जाऊन खाटेवर आडव्या झाल्या. तो सोमवार होता.

मित्रांनो, मशीन जरूर द्या. पण दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या वर्षी ते कशावर चालणार, तेही विचारत जा. जून अजून रिकामा आहे. मेघनाताईंनी रिबीन आणून ठेवली आहे.