दोन चमच्यांची नोंद

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. पण मला कपाटात शोधू नका. कागदाचा एक कपटाही माझ्या अंगात नाही. दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी डकवतात ना, ती छापणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये मी राहते. हा प्रोग्रॅम कोणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला येते त्याने सुधारावा, ज्याला हवा त्याने फुकट वापरावा. प्रत्येक नव्या आवृत्तीत काय बदलले, ते माझ्यात लिहितात.

माझा जन्म काकूंच्या जेवणाच्या टेबलावर झाला. काकू या कामाच्या प्रमुख. सगळे प्रोग्रॅमर त्यांना काकूच म्हणतात. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग नव्याची नवलाई संपली. बदल करायला सगळे पुढे, लिहायची वेळ आली की सगळे पसार! 'किरकोळ दुरुस्ती' एवढेच लिहून माझी बोळवण होऊ लागली. खरे सांगते, मला फार वाईट वाटे.

काकूंचा मात्र एक हट्ट होता. आवृत्ती बाहेर पडण्याआधी त्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरना फोन लावून मला मोठ्याने वाचून दाखवत.

"काकू, त्यांना यातलं काय कळणार?" प्रोग्रॅमर हसत.

"त्यांना कळलं नाही, तर आपलं लिहिणं चुकलं."

एकदा अशीच 'मापांत किरकोळ दुरुस्ती' आली. "किरकोळ म्हणजे नेमकं काय रे?" काकू अडूनच बसल्या. ज्याने ती केली होती, त्या प्रोग्रॅमरने कुरकुरत लिहिले: यापुढे चिठ्ठीवर चमच्यांऐवजी मिलीलिटर छापले जातील.

ते ऐकताच कंपाउंडरनी फोनवरच विचारले, "अहो, आणि जुन्या पेशंटच्या नोंदी? तिथे नुसतं 'दोन' लिहिलंय, ते चमचे आहेत. माझ्या पुतणीचं फिट्सचं औषध दोन चमचे असतं, म्हणजे दहा मिली. आता दोनच छापणार का हे?"

प्रोग्रॅमरने तपासून पाहिले. खरेच 'दोन मिली' छापले जात होते! त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आवृत्ती तिथेच थांबली. चार दिवस खपून त्याने जुन्या नोंदी नीट केल्या आणि कोणी न सांगता माझ्यात लिहिले: 'माझी मोठी चूक कंपाउंडरकाकांनी पकडली. त्यांचे मनापासून आभार.'

मित्रांनो, काम केलेत की काय केले ते नीट लिहा, आणि ज्याला ते वापरायचे आहे त्याला वाचून दाखवा. माझ्यात लिहिणाऱ्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्या दिवशी कोणीतरी मला शेवटपर्यंत ऐकले, म्हणून एका मुलीला तिचे औषध पुरते मिळाले.