पाठकोरे

संग्रहालयातल्या शेवटच्या दिवशी मला फक्त एक दाखला घ्यायचा होता. संशोधन पूर्ण झालं, असा संग्रहालयाचा शिक्का मारलेला कागद कॉलेजात नेऊन दिला की घेतलेली रजा मंजूर, आणि वर्षानुवर्षं लोंबकळलेली बढतीही. नाहीतर दोन्हींवर पाणी.

जाता जाता एक पान नडलं. मी ज्या थोर कथाकारावर काम करत होते, त्यांच्या सगळ्या मसुद्यांचे फोटो संग्रहालयाने संगणकावर ठेवले होते. त्यातला एक पुसट होता, म्हणून मूळ कागदांची पेटी मागवली.

"बघून घ्या," संग्रहपाल म्हणाले. "सोमवारी ही कागद कारखान्यात लगद्याला जाणार. फोटो झालेत, उगाच जागा अडते." माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना धाप लागायची.

मी पान उचललं आणि सहज उलटलं. मागे बारीक, घाईचं, वेगळंच अक्षर. 'दूध उतू जात होतं. जाऊ दिलं. गोष्ट ऐन रंगात आली होती.' दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. अक्षर कथाकारांच्या पत्नीचं होतं, घरच्या पत्रांत मी ते पाहिलं होतं. नवऱ्याने नापसंत करून टाकलेल्या पाठकोऱ्या कागदांवर बायकोने स्वतःच्या कथा लिहिल्या होत्या. आणि कथा तरी कशा! इतकी वर्षं मी ज्यांचे गोडवे गात आले, त्यांना अशी दोन वाक्यं सलग जमली नव्हती. आनंदाने डोळे भरून आले, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, मागच्या बाजूंचे फोटो कुठे आहेत?"

"मागची बाजू कोरी असते. ते एकाच बाजूला लिहायचे. आमच्या नोंदीत तसं आहे."

"ही कोरी आहे?"

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहिलं. "हे त्यांचं अक्षर नाही."

"तेच तर सांगतेय!"

"मग संग्रहात बसत नाही. संग्रह त्यांचा आहे, मॅडम, त्यांच्या घरच्यांचा नाही."

मी फोटो काढते म्हटलं, तर वाचकांना मनाई. तुम्ही काढा म्हटलं, तर संचालकांची परवानगी हवी, आणि संचालक महिनाभर परगावी. लगदा थांबवायलाही त्यांचीच सही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

पेटीच्या झाकणावर माझी चिठ्ठी लावलेली होती: 'वाचन चालू'.

"ही चिठ्ठी असताना पेटी हलवता येते का?" मी विचारलं.

ते चुळबुळले. पण खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "नाही. वाचकाने स्वतः परत केल्याशिवाय नाही."

"मग मी परत करत नाही."

"पेटी नाही तर दाखला नाही, मॅडम."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. पेटीवर हात ठेवूनच मी तो घेतला.

"आवरलं का गं? घ्यायला येऊ ना?"

"नको. मी येत नाहीये."

"आणि बढती?"

"गेली खड्ड्यात."

"अगं, आईला काय सांगू?"

"सांग, तुझी सून एका बाईसाठी भांडत बसलीय."

मागून सासूबाई ओरडल्या, "मग जिंकूनच ये म्हणावं!"

संग्रहपालांनी भरून ठेवलेला दाखला माझ्यासमोर धरला. शिक्काही मारलेला होता. मोह झाला, नाही कशाला म्हणू?

"फाडा," मी म्हणाले. "काम पूर्ण झालेलं नाही."

"चिठ्ठी रोज नवी भरावी लागेल."

"रोज भरीन. बघू या, आधी कोण थकतं."

सुस्कारा टाकून त्यांनी नवी चिठ्ठी पुढे सरकवली. 'लेखक' या रकान्यात सवयीने कथाकारांचं नाव लिहून झालं होतं. त्यांचंच पेन उचलून मी त्या नावावर आडवी रेघ मारली.

ते दचकले. मग जरा नमतं घेत म्हणाले, "'त्यांच्या पत्नी' असं लिहा. तेवढं चालवून घेईन मी."

"मी नाही घेणार."

पेटीतलं तळाचं पान काढून मी उलटं केलं. तिथे तिने सही केली होती, नुसत्या स्वतःच्या नावाने. तीच मी रकान्यात उतरवली, ठळक, आणि चिठ्ठी झाकणावर दाबून चिकटवली.