मागच्या रांगेत

"आई, कानातल्या यंत्राच्या त्या बटणाशी चाळा करू नकोस. येतंय तेवढंही ऐकू यायचं बंद होईल."

"काय?"

"काही नाही!"

अभिलेखागारातल्या बाईंनी खिडकी लावली, पुन्हा उघडली. सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. विद्यापीठाच्या समारंभांच्या ध्वनिफिती जपण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. भल्याभल्यांची भाषणं त्यांच्या कपाटात गुमान बसून होती. त्यांतली सर्वांत जुनी, खुद्द विद्यापीठाच्या उद्घाटनाची फीत आज नवी प्रत काढण्यासाठी यंत्रावर चढणार होती. त्या दिवशी माइक आणि ध्वनिमुद्रण, दोन्ही बाईंच्या वडिलांकडे होतं. वडील गेले तेव्हा बाई पाळण्यात होत्या. त्यांना तो आवाज ठाऊकच नव्हता. आईला ठाऊक होता, पण आता आईचा एक कान पुरता गेला होता आणि दुसराही निघायच्या तयारीत होता.

"ताई, फीत फार खराब झालीय," तंत्रज्ञ म्हणाला. "वाजता वाजता पापुद्रे निघतात. एकदाच चालेल, तीही चालली तर."

"मग थेट भाषणापासून घ्या," साहेब दारातून म्हणाले. "आधीच्या माइकच्या खटपटीत तुटली तर भाषण जाईल. आणि नियमही तोच आहे, आधी भाषण वाचवायचं."

नियम बाईंना पाठ होता. आज मात्र तो घशाखाली उतरेना.

"साहेब, त्या खटपटीत माझे वडील आहेत."

साहेबांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघून उगाच हसली, ऐकू आलं नाही की ती हसायची तशी. "घ्या सुरुवातीपासून," साहेब पुटपुटले आणि तिथेच उभे राहिले.

बाईंनी आईच्या कानांवर हेडफोन चढवले.

"मी होते ना त्या दिवशी!" आई खोली दणाणून सोडत म्हणाली. "अगदी मागच्या रांगेत. नुकतं लग्न झालेलं. ऐकू येतंय तर हात वर करा म्हणे, माइकवरून! एवढ्या लोकांत कसा करणार? लाजून मेले. मग घरी आल्यावर हे फुगून बसले."

फीत फिरू लागली. खरखर. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. यंत्राखाली तपकिरी भुगा पडायला लागला. तंत्रज्ञाने श्वास रोखून धरला.

"हॅलो... हॅलो... मागच्या रांगेत ऐकू येतंय का? येत असेल तर हात वर करा."

कोवळा आवाज. बाईंच्या मुलाचा शोभला असता असा. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईने आईकडे पाहिलं. आई समोरच्या भिंतीकडे बघत तशीच बसली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. उशीर केला आपण, बाईंना वाटलं.

फितीवरचा आवाज थांबला. मग जरा हळू, जरा रुसून म्हणाला, "मागे? अहो, मागे कुणी आहे का?"

आईने चष्मा सारखा केला आणि हात वर केला.

भाषण सुरू झालं तरी तिने तो खाली घेतला नाही.