लाल दोरीचं पोतं

मुकादमांच्या लेकीला तिचा नवरा 'पाणीवाली' म्हणायचा, आणि म्हणायला कारणही तसंच होतं. मागच्या अंगणात तिने ट्रे मांडून मॉस पेरलं होतं, आणि त्या मॉसला नळाचं पाणी चालत नव्हतं. नळाच्या पाण्यात चुना, चुन्याने ते मरतं. त्याला पावसाचंच पाणी लागतं. म्हणून पन्हळीखाली पिंप, पिंपाशेजारी बादली, बादलीशेजारी घमेलं. "नवऱ्याला नळाचं आणि गवताला आभाळाचं! काय थाट आहे," नवरा म्हणायचा. पण पिंप भरलं की झाकण तोच लावायचा आणि ढग आले की तोच काढायचा, हेही सांगितलं पाहिजे.

हे मॉस म्हणजे ओल्या भिंतीवरचं शेवाळ नव्हे हो. हे दलदलीत वाढतं, हाताला ओल्या लोकरीसारखं लागतं, आणि पाणी असं पितं की विचारू नका. ऑर्किडवाले त्यात मुळं गुंडाळतात, रोपवाटिकावाले त्यात रोपं बांधून दूरदूर पाठवतात. पूर्वी म्हणे जखमांवरही बांधायचे. वस्तीबाहेरच्या दलदलीतून ते काढायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि पोती भरून पाठवायची, हा शेडचा धंदा. त्या शेडवर मुकादमांनी जन्म काढला.

मग दलदलीत चर खणले गेले, पाणी वाहून गेलं, वर मुरूम पडला. आता तिथे गोदामं उभी राहतायत. यंत्रं यायच्या आदल्या दिवशी लेक गुडघाभर चिखलात उतरली आणि एक पोतंभर जिवंत मॉस उपटून घेऊन आली. शेडच्या सावलीत ठेवलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, एवढं सांभाळा. माझं आहे." बेत साधा होता. बारीक कापायचं, ओल्या थरावर पसरायचं, सुकू द्यायचं नाही. मग शेंड्यांना हिरवे तुरे फुटतात. ते जगलं की एका ट्रेचे चार ट्रे, आणि पुढेमागे कुठेतरी एखादा ओला तुकडा जमिनीचा. नाही जगलं, तर ती दलदल संपली. आणायला दुसरीकडे कुठे जाणार? होती तीच एक.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी अर्धं मॉस टबात भिजवून तयारच ठेवलं होतं. "अर्धं कोठीत ठेवलंय, अडीअडचणीला," ते म्हणाले. टबातलं जरा फिकट होतं, पण उन्हाळ्याअखेर ते फिकट पडतंच. जरा उकडल्यासारखा वास होता, पण शेडचा वास तर बाबांच्या सदऱ्यांनाही यायचा. तिने पेरून टाकलं.

शेडला कुलूप लागल्यापासून मुकादम खिडकीतल्या खुर्चीवर बसून असायचे. जेवायला या म्हटलं तर येत, नाही म्हटलं तर नाही. सगळ्या दिवसात स्वतःहून एकच वाक्य बोलायचे, सकाळी, खिडकीतून.

"फुटलं का गं?"

"वेळ लागतो, बाबा."

आणि वेळ लागतोच. ट्रे तर झकास दिसत होते. पाणी घातलं की मॉस गटागट प्यायचं, फुगायचं, बोटाने दाबलं की परत वर यायचं. लेकीने जाळी बदलली, सावली वाढवली, गोगलगाई वेचल्या. हिरवं मात्र काही दिसेना. पाऊस येऊन गेला, पिंप दोनदा भरून वाहिलं, तरी रंग आपला तोच, जुन्या दोरखंडासारखा.

एका सकाळी मुकादम काठी टेकत स्वतःच अंगणात आले. इतक्या दिवसांनी बाप उंबऱ्याबाहेर आला, ते बघून लेकीचा हात झारीवरच थांबला. त्यांनी वाकून एकेक ट्रे पाहिला, अगदी शेडमध्ये माल तपासायचे तसा.

"वा! एक तण नाही. वाफ छान बसली म्हणायची."

"कसली वाफ?"

"अगं, शेवटच्या दिवशी बॉयलर पेटवला होता ना, त्यात तुझंही पोतं घातलं. माझ्या हाताखालून बिनवाफेचं पोतं कधी बाहेर गेलंय? म्हटलं, पोर कुठे तण उपटत बसेल."

वाफ द्यायची ती मॉसमध्ये काही जिवंत राहू नये म्हणूनच. बी, किडा, गोगलगाईची अंडी, सगळं मरायला हवं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, ती परकरात असताना. पण जन्मभर त्यांच्याकडे मॉस मागायला जो आला तो मेलेलं मागायलाच आला. कुणाला जिवंत मॉसही लागू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आणि पाणी तर मेलेलं मॉसही तसंच पितं. पोकळच असतं ते आतून.

तिने झारी खाली ठेवली आणि कोठीकडे धावली. अर्धं पोतं कोपऱ्यात होतं, नीट, फळीवर, जमिनीची ओल लागू नये म्हणून. तोंडाला लाल दोरी. वाफ दिलेल्या पोत्याला शेडमध्ये लाल दोरी बांधत. याला दोन होत्या.

"पाहिलंस?" मुकादम बाहेरून म्हणाले. "त्याला दोनदा दिलीय. घरचं काम होतं."

ती पोत्याला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तिला बापाचा राग आला, असा की जाऊन त्यांना गदागदा हलवावं. आणि त्या रागाची लाजही वाटली. नवरा दारात आला. त्याने दोऱ्या पाहिल्या, आणि त्याला सांगावं लागलं नाही.

"सांगणार आहेस त्यांना?"

"काय सांगू? यंत्रांच्या तावडीतून सुटलेलं एक पोतं होतं, ते तुम्ही उकडलंत, असं?"

तिने तोंड पुसलं आणि बाहेर आली. मुकादमांनी एव्हाना खुर्ची खिडकीतून उचलून अंगणात आणायला लावली होती, शेजारच्या माणसाला हाक मारून. ट्रेसमोर बसले होते, काठी मांडीवर. चेहऱ्यावर रंग आला होता.

"मी आता इथेच बसत जाईन," ते म्हणाले. "फुटेल तेव्हा मला दिसायला हवं."

"बसा, बाबा."

"आणि पाणी घाल. वरचा थर सुकलाय बघ."

तिने झारी उचलली आणि पहिल्या ट्रेपासून सुरुवात केली. मॉस पाणी प्यायलं, फुगलं. मुकादम मान डोलावत बघत राहिले. आभाळ भरून येत होतं. नवऱ्याने जाऊन पिंपाचं झाकण काढून ठेवलं.