झुपका चावतो

“काकू, राग मानू नका, पण हा झुपका चावतो,” असं म्हणत पाववाल्यानं कागदात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि तो अपराध्यासारखा दाराशी उभा राहिला. माणूस चौकटीत जेमतेम मावेल एवढा, भुवयांवर पीठ, आणि आवाज मात्र आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा.

काकूंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “चावतो? माझा?”

कोपऱ्यात चहा गाळत असलेल्या काकांचा हात थांबला. बायकोच्या आवाजातला हा सूर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. अशा वेळी आपण भिंतीला लागून राहावं, हे ते लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकले होते.

झुपका म्हणजे हातभर लांबीच्या मऊ कातड्याच्या पट्ट्या, एका मुठीत घट्ट बांधलेल्या. नवराबायकोनं, किंवा जे कोणी एकमेकांचे असतील त्यांनी, आपखुशीनं एकमेकांच्या पाठीवर चालवायची वस्तू. बाजारात तिला फ्लॉगर म्हणतात. काकूंचे वडील खोगिरं करायचे, त्यांच्या हाताखाली काकू कातडं कापायला शिकल्या. पुढे घोडे गेले, पट्टे आले, पिशव्या आल्या. मग एके दिवशी याच पाववाल्याची बायको, दातांची डॉक्टरीण, समोर बसून स्वच्छ शब्दांत काय हवं ते सांगून गेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “जड हवा की झोंबरा?” तेव्हापासून मागच्या खोलीत हेच काम चालायचं. झुपके, फळ्या, छड्या.

काका शेजाऱ्यांना सांगत, “घोड्यांचं सामान करते ती.” गल्लीत घोडा काय, खेचरसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. शेजारी काही दूधखुळे नव्हते, पण त्यांनीही कधी खोदून विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“माझ्या हातावर पडून गेल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही,” काकू म्हणाल्या. त्यांनी डावी बाही कोपरापर्यंत सारली, हात उताणा टेबलावर ठेवला आणि झुपका त्यावर सोडला. “हे बघ. लोणी आहे, लोणी!” आणि परत एकदा. “हा चावतो? तुझी पाठच नाजूक झाली असेल.”

त्या जिंकल्यासारख्या पाववाल्याकडे बघत होत्या. पाववाला त्यांच्या हाताकडे बघत होता. काकाही तिकडेच बघत होते. गोऱ्या कातडीवर बारीक लाल रेघा उमटत होत्या, नखानं ओढाव्यात तशा, आणि बघता बघता फुगत होत्या.

“काकू, हात,” पाववाला म्हणाला.

काकूंनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाही हळूच खाली ओढली. “ठेवून जा. बघते मी.”

“घाई नाही हो. फक्त तो जुना होता ना, तो पाठीवर पडला की भरलेलं पोतं कुणी अलगद ठेवल्यासारखं वाटायचं. दिवसभर डोक्यात भट्टी पेटलेली असते माझ्या. ते पोतं पडलं की ती विझते. हा पडला की मी उलट टक्क जागा. बायको म्हणाली, पुरे, आज थांबू या.” एवढं बोलण्यानं त्याचे कान लाल झाले होते. चहा न घेताच तो गेला.

दार लागल्यावर काका म्हणाले, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मला शिकवू नकोस.”

काकू खुर्चीवर बसल्या. पावलं बधिर झाली आहेत हे घरात दोघांनाही माहीत होतं. रक्तातल्या साखरेनं तेवढं केलंच होतं, आणि डॉक्टरांनी गेलेलं परत येणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. ते बोटांवरून हातात चढलंय, हे मात्र काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं. बहुधा स्वतःलाही नाही.

“पट्टी कापली की तिच्या दोन्ही कडा सुरीसारख्या असतात,” त्या म्हणाल्या. “त्या तासायच्या, हाडानं घासायच्या, गोल होईपर्यंत. डोळ्याला काही दिसत नाही. अंगठा सांगतो. माझा अंगठा सांगत होता की झाल्या गोल. मेला खोटं बोलत होता.”

“मग आता?”

“आता काय? न चाखता वाढणारी बाई नाही मी.” त्या उठल्या आणि भिंतीवरची हत्यारं काढून पेटीत ठेवायला लागल्या. आधी कातडं कापायची रापी, मग भोकं पाडायच्या आऱ्या, मग कडा घासायच्या हाडाच्या घोटण्या. “बाबा नवं खोगीर स्वतःच्या पाठीवर बांधायचे आणि मला वर बसवून खोलीभर रांगायचे. कुठं टोचतंय ते घोडा सांगत नाही म्हणायचे. त्यांची मुलगी मी. दुसऱ्याच्या अंगावर अंदाजानं काही घालायची नाही.”

“हात नाही तर मांडी.”

“जखम होऊ देऊ नका म्हणालेत डॉक्टर. भरून येणार नाही.”

पेटीत एकेक वस्तू पडत होती, तसतशी भिंत उघडी पडत होती. त्या हत्यारांशिवाय ही बाई सकाळी उठून कुठल्या खोलीत जाणार, हे काकांच्या डोळ्यांसमोर येईना.

“माझी पाठ आहे की,” ते म्हणाले. एखादा मजला सांगावा, तितक्याच सरळ.

काका आयुष्यभर एका कचेरीत लिफ्ट चालवत होते. दार उघडायचं, मजला सांगायचा, दार लावायचं. या कामाला लागतात तेवढे शब्द घरालाही पुरतात, असं त्यांचं मत होतं. म्हणूनच काकूंना जे हसू फुटलं ते आवरेना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“तुमची पाठ! अहो, भाजीत मीठ नव्हतं तेव्हा ठीक आहे, दुप्पट पडलं तेव्हा ठीक आहे. तुमची पाठ काय सांगणार, कपाळ?”

“मीठ कळत होतं मला,” काका म्हणाले. त्यांना लागलं होतं. “बोललो नाही, एवढंच.”

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. मग हातातली घोटणी पेटीत न टाकता टेबलावर ठेवली.

पडदे ओढून झाले. काका सदरा आणि बनियन काढून, पोट आत ओढून, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. दिवसाढवळ्या बायकोसमोर असं उघडं उभं राहण्याची सवय कधीच मोडली होती.

“खांद्याच्या मांसावरच मारीन,” काकू म्हणाल्या. “कण्यावर नाही, कमरेच्या वर दोन्ही बाजूंना नाही. थांब म्हणालात की थांबले. कळलं?”

“हो.”

पाववाल्याचा झुपका त्यांच्या पाठीवर आला.

“कसं?”

“ठीक आहे.”

काकूंनी झुपका टेबलावर आपटला. “ठीक आहे ही काय चव झाली? कुठं लागलं? वर की आत? लगेच की मागाहून? जिथं पडलं तिथंच राहिलं की पसरलं?”

काका गोंधळले. आजवर त्यांना कुणी असं काही विचारलंच नव्हतं. मार म्हणजे मार, जोरात मारलं की जास्त आणि हळू मारलं की कमी, इतकाच त्यांचा हिशोब. त्यांनी डोळे मिटले आणि पाठीकडे लक्ष दिलं, आणि खरंच तिथं बरंच काही चाललेलं होतं.

“वर,” ते म्हणाले. “नुसतं वरवर. चरचरतंय. कापल्यावर लिंबू लागतं ना, तसं. आत काहीच पोचलं नाही.”

“शाब्बास,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

मग त्यांनी भिंतीवरून कातड्याची एक रुंद फळी काढली. केवढा आवाज झाला! काका दचकले, पण आवाजानंच. “बोलाचा भात,” ते म्हणाले. “तळव्याएवढं तापलं आणि निवलंसुद्धा.” त्यानंतर आली ती तेवढ्याच रुंदीची दुसरी फळी, आणि काका टाचांवर उठले. “ही कुठली? ही सणसणली!”

“तिचीच बहीण. तेच कातडं, तोच जोर. हिला भोकं पाडलीत एवढंच. सपाट फळीखाली हवा अडकते, ती मधे उशीसारखी येते. भोकं पाडली की हवा निसटली, उशी गेली.”

काकांनी वळून फळी हातात घेतली, भोकांतून खिडकीकडे पाहिलं. पाच-सात भोकं. त्यांतून एवढं सगळं बदलतं? छडीच्या वेळी तर कमालच झाली. ती पडली आणि काही झालंच नाही. काका ‘लागली नाही’ म्हणायला तोंड उघडतात तोच खोल कुठून तरी एक कळ निघाली आणि रेघेसारखी वर आली.

“थांब,” ते म्हणाले. काकू लगेच मागे सरल्या. “नाही, तसं थांब नाही. येतेय. आत्ता येतेय. अगं, हिला उशीर का लागतो?”

“बारीक वस्तू आधी पोचते आणि मग सांगते. जाड वस्तू सांगत सांगतच येते.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. या वस्तू इतकी वर्षं इथं टांगलेल्या होत्या. दर आठवड्याला त्यांनी त्यांच्यावरची धूळ झटकली होती, आणि कुणी आलं की दार लोटून घेतलं होतं. यांतली प्रत्येक वस्तू वेगळं बोलते, आणि काय बोलायचं ते या बाईनं ठरवलेलं असतं. पट्टी किती रुंद, टोक गोल की तिरकं, वजन मुठीत की शेंड्यात. हे सगळं हिच्या डोक्यात, आणि आपण तिच्या शेजारी जेवलो, झोपलो, आणि घोड्यांचं सामान म्हणत राहिलो. काकांना फार नवल वाटलं आणि फार लाज वाटली. दोन्हीतलं आधी काय वाटलं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पाववाल्याचा झुपका दुरुस्त करायला त्यानंतरचे दोन दिवस गेले. काकू कड तासत, हाडानं घोटत आणि पट्टी काकांपुढे धरत. काका तिच्यावरून अंगठा फिरवत.

“अजून.”

“एवढी घासली की!”

“मधेच एक जागा धरतेय. अजून.”

“भारीच कटकटे हो तुम्ही,” काकू म्हणत, आणि पट्टी परत टेबलावर घेत. पेटी उघडीच होती. त्यातली हत्यारं लागतील तशी बाहेर येत होती आणि परत आत काही जात नव्हती.

शेवटची पट्टी झाली त्या दुपारी काका स्वतःहून सदरा काढून खुर्ची धरून उभे राहिले. पोट आत ओढायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. काकूंनी झुपका हातात तोलला, एक पाऊल मागे घेतलं आणि सोडला.

धप्प.

काकांनी डोळे मिटले.

“ठीक आहे म्हणालात तर बघा.”

“थांब जरा. बघू दे,” काका म्हणाले. मग सावकाश, शब्द शोधत, “वर काही नाही. कातडीला पत्ताच नाही. सरळ आत गेलं. लिफ्ट तळमजल्यावर टेकते ना, तेव्हा शेवटी सगळं अंग एकदा खाली बसतं. तसं बसलं. मग खांद्यांकडे पसरलं, सावकाश. अजून पसरतंय.” त्यांनी श्वास सोडला. “मानेत काहीतरी धरलेलं होतं माझ्या. कधीपासून, कुणास ठाऊक. ते सुटलं. अजून एक मार.”

काकूंनी मारला. आणखी एक. पाववाल्याची भट्टी कशी विझत असेल ते काकांना आता कळलं. डोक्यात कुणी बोलत नव्हतं. खोली होती, खुर्ची होती, आणि मागे ही होती.

“झाला,” काकू म्हणाल्या. झुपका टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“गरम झालीय का हो पाठ?” त्यांनी विचारलं.

हात लावून बघ की, असं काका म्हणणार होते. तेवढ्यात त्यांना जाणवलं, की तिचा हात पाठीवरच आहे. उघडा तळवा, खांद्याखाली, झुपका पडला होता अगदी त्याच जागी. आला कधी ते त्यांनाही कळलं नव्हतं. पाठ नुसती भाजत होती, आणि त्यावर हात ठेवून ती विचारत होती.

रडायची ही वेळ नव्हती, सांगायची होती.

“गरम आहे,” ते म्हणाले. “चांगलीच. तुझा हात गार आहे.”

“हो?”

“हो. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे तुझ्या, तो लागतोय. मधली तीन बोटं नीट टेकलीत. तळवा जरा घामेजलाय.”

“आणि?”

“करंगळी टेकलेली नाही.”

मागे थोडी हालचाल झाली.

“आता?”

“आता टेकली,” काका म्हणाले.