पायाच्या केसांची आठवण

वाल्देसीचं डोकं मी भादरलं, हे आधीच कबूल करतो. ब्राझीलमधल्या रोंदोनोपोलिसच्या ट्रक अड्ड्यासमोर माझं केशकर्तनालय आहे, एकतीस वर्षं झाली. आमच्याकडे पोरगं विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पास झालं की त्याचं डोकं भादरतात. अभ्यासाने जे काही आत गेलं असेल त्याला हवा लागावी, असा हेतू असावा. वाल्देसीचा मुलगा उएलिंतों जनावरांचा डॉक्टर व्हायला निघाला, तेव्हा बाप शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

"नेरी, माझंही काढ. पोरगं एकटंच का टकलं दिसावं?"

मी काढलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. दोन चिंचोक्यांसारखी दोन डोकी मिरवत बापलेक घरी गेले.

चौथ्या दिवशी वाल्देसी दारात उभा. चेहरा उतरलेला.

"ट्रकच्या परवान्याचं नूतनीकरण या महिन्यात आहे," तो म्हणाला. "केसांची तपासणी!"

मी हातातला वस्तरा खाली ठेवला. मान मागे टाकून खुर्चीत बसलं की ट्रकवाले न्हाव्याला सगळं सांगतात, त्यामुळे मला माहीत होतं. सोयाबीनच्या हंगामात सांतोस बंदर गाठायचं म्हणून वाल्देसीने कित्येक वर्षं झोप उडवणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी त्याने त्या एकाएकी सोडल्या. का, ते मात्र सांगितलं नव्हतं. अशा गोळ्यांचा माग केसांत राहतो आणि परवान्याआधी तोच शोधतात; डोक्याचे केस तीन महिन्यांचं सांगतात. म्हणजे ते जागेवर असते तर तो धुतल्या तांदळासारखा सुटला असता. आता पायाचे घेतील, आणि पायाचे केस सहा महिन्यांचं सांगतात.

"इवोनेचीला माहीत आहे?"

"वेडा आहेस का?"

इवोनेची म्हणजे त्याची बायको. नवरा जागा राहतो तो आपल्या थर्मासमधल्या कॉफीमुळे, असा तिचा समज होता, आणि त्या कॉफीची कीर्ती तिने गल्लीभर करून ठेवली होती. तेवढ्यात तीच आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत केस.

"नेरीभाऊ, त्या दिवशी तुमच्या दुकानातून दोघांचेही उचलले होते. हे ह्यांचे, पोराचे वेगळे ठेवलेत. चला तपासणी केंद्रात, तुम्ही सांगा की हे ह्यांच्याच डोक्याचे आहेत. न्हाव्यापेक्षा मोठा साक्षीदार कोण?"

मी दुकानाला कुलूप लावलं. चूक माझ्या वस्तऱ्याची होती.

तपासणी केंद्रातल्या ग्लाउसीताईंनी पिशवी बघितली, चष्मा वर केला, पुन्हा बघितली.

"वहिनी, हे केस तुमच्या पाद्रीबाबांचेही असू शकतात."

"आमचे पाद्रीबाबा टकले आहेत!"

"केस अंगावरून, माझ्यासमोर, साक्षीदारासमोर कापावे लागतात. दोन पाकिटं भरायची, वर अंगठा. डोक्यावर नसतील तर छाती, हात, पाय."

"आणि नखं?" वाल्देसीने हळूच विचारलं.

"अंगावर आजारपणाने एकही केस नसेल तरच. डॉक्टरचं पत्र लागतं. तुम्ही तर अस्वल आहात, भाऊ."

"मग पायाचे घ्या!" म्हणत इवोनेचीने स्वतःच खाली वाकून त्याची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. "कापा हवे तेवढे. माझा नवरा बिअरसुद्धा जेवणाआधी घेत नाही."

ग्लाउसीताईंनी कात्री उघडली. मी साक्षीदाराच्या रकान्यात नाव लिहिण्यासाठी पेन घेतलं आणि ते चालत नसल्याचं नाटक केलं.

"थांबा," वाल्देसी म्हणाला. "इवोनेची, त्यात गोळ्या सापडतील."

"कसल्या गोळ्या?"

त्याने सांगितलं. नऊ वर्षांचं सांगितलं. तिने अजून विजारीचा काठ धरून ठेवला होता.

"आणि माझी कॉफी?"

"कॉफी चांगलीच असते."

"मग सोडल्यास का?"

वाल्देसीने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "दोन रात्री झोपलो नव्हतो. भर दुपारी, हमरस्त्याच्या मधोमध तुझी आई दिसली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती."

"माझी आई गोयानियाला असते."

"मला माहीत आहे. हॉर्न दिला, हलली नाही."

"ती हलणारच नाही. मग?"

"ब्रेक दाबला. मागे अडतीस टन सोयाबीन. गाडी आडवी होऊन थांबली. उतरून बघितलं तर कोणी नाही. चाकांखाली शोधलं, इवोनेची. अर्धा तास शोधलं. नंतर नुसत्या शेंगा शोधत होतो."

ग्लाउसीताईंनी कात्री मिटली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी कोणाला सल्ला देत नाही. आज घेतले आणि त्यात काही सापडलं तर परवाना तीन महिने बंद, आणि तसं कागदावर राहतं. घेतले नाहीत तर परवाना संपतो, ट्रक चालवायचा नाही. डोक्याचे केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतात. मला चार लागतात. हे मी शाळेच्या पोरांनाही सांगते."

चार महिने म्हणजे अख्खा हंगाम. उएलिंतोंच्या वसतिगृहाचे पैसे दोन आठवड्यांत भरायचे होते. वाल्देसीचा हिशेब तोंडावर दिसत होता.

"घ्या आजच," तो म्हणाला. "तीन महिने तर तीन महिने."

"गप्प बस," इवोनेची म्हणाली. तिने विजार खाली केली, घडी सारखी केली. "कागदावर काही राहायचं नाही. चार महिने घरी बसशील. मी शाळेच्या स्वयंपाकात दुसरी पाळी मागते."

"आणि मालकाला काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. तुझ्या डोक्यावर केस नाहीत."

ग्लाउसीताईंनी कोरा अर्ज फाडला. माझी सही राहिलीच.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बस थांब्यापर्यंतच्या चार गल्ल्या इवोनेची नवऱ्याला अखंड शिव्या घालत होती. त्याच्या खानदानाला, त्याच्या मालकाला, सांतोस बंदराला, आणि एकदा नीट थांबून, मागे वळून, मलाही. रस्ता ओलांडताना गाडी नसली तरी ती दोन्हीकडे बघत होती, आणि त्याचं कोपर तिने असं गच्च धरलं होतं की तिथे वळ उठले असणार.