सहादेवमामांची साक्ष

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात पूर्वी नांगराचे फाळ बनायचे. पंच्याण्णव साली मालक आप्पासाहेबांनी अमेरिकेतल्या एका कंपनीची ऑर्डर मिळवली आणि तिथं गवत कापायच्या मशीनची पाती बनायला लागली. हातभर लांब, दोन्ही टोकांना धार, मधोमध भोक. तिकडं लोक घरापुढं मुद्दाम गवत वाढवतात, मग इंजिनाच्या मशीननं ते कापतात आणि कापलेलं फेकून देतात, हे ऐकून कामगार पोट धरून हसले होते.

"म्हंजी दावनीला जनावरच न्हाई?" भट्टीवरच्या सहादेवमामांनी विचारलं होतं. "मंग येवढा कुटाणा कशापायी?"

"त्यांना ते बघायला छान वाटतं, मामा," यशोधरा म्हणाली होती.

यशोधरा तिथं माल तपासायची. नेवाशाजवळच्या खेड्यातली. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर. गावातल्या बौद्धवाडीतून डिप्लोमा करणारी ती पहिली मुलगी, आणि तोही फर्स्ट क्लासमध्ये. तिनं पास केलेल्या प्रत्येक पात्यावर तिचा ठप्पा उठायचा: इंग्रजी वाय आणि चारचा आकडा. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी तसं एक पातं मागून घेतलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं होतं. "आमच्या पोरीचा शिक्का अमेरिकेत चालतो," म्हणायचे.

सहादेवमामा जेऊरहून एसटीनं यायचे. पन्नाशी उलटलेली, सही आणि मोडकीतोडकी चार अक्षरं लिहिता यायची. पण लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय हे सांगायचे आणि मीटरही तेवढंच दाखवायचा. कामाला लागल्यावर पहिले सहा महिने यशोधराशी नीट बोलायचं, शिकवायचं, ते एकट्या मामांनी.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात एके दिवशी मामांनी तिच्या टेबलावर एक पातं आणून ठेवलं.

"ताई, हे बगा. तेलात विझवल्यावर दुसऱ्या भट्टीतून भाईर आलं की निळी झाक मारायला पायजे. हे पिवळंच राहतंय. मीटर बराबर दाखवतोय, पन आत तेवढी धग न्हाई. मीटर खोटं बोलतोय."

यशोधरानं पातं बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळलं आणि हातोडा घातला. चांगलं पातं वाकलं असतं. हे काचेसारखं तुटलं, आणि तुकडा तिच्या कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. तिनं आणखी दहा पाती घेतली. सात तुटली. पहिल्या भट्टीत पोलाद कडक होतं, दुसऱ्या भट्टीत त्याचा ठिसूळपणा जातो. तो गेलेलाच नव्हता. तिच्या सांगण्यावरून मामांनी भट्टीच्या रजिस्टरमध्ये वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "मिटर खराब. ताईस सांगीतले." खाली सही केली.

यशोधरानं सहा हजार पाती अडवली. शुक्रवारी कंटेनर मुंबईला निघायचा होता.

आप्पासाहेब ओरडले नाहीत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि जेवणाच्या सुट्टीत चाळीसही कामगारांना शेडमध्ये बोलावलं.

"मॅडम म्हणतात, माल पाठवायचा नाही. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांचं बरोबरच असणार. माल गेला नाही तर ऑर्डर जाईल, आणि सोमवारपासून मला फक्त दहा माणसं लागतील. कोणती दहा ठेवायची, तेही मॅडमच सांगतील. विचारा त्यांना."

ते गाडीत बसून निघून गेले. चाळीस जण तिच्याकडं बघत राहिले.

"कोट्यातून आल्यावर असंच व्हायचं," मागून कोणीतरी म्हणालं. बाकीचे हसले नाहीत आणि त्याला गप्पही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या लुनाची दोन्ही चाकं बसलेली होती. तिसऱ्या दिवशी तिचा डबा उघडा सापडला; आत भट्टीतली राख होती. जवळ येऊन बसले ते फक्त सहादेवमामा. त्यांनी आपली भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढं सरकवली. "लोकं भ्याल्यात ताई. मनावर घेऊ नगा. तुमी खरं धरून ऱ्हावा."

तिला ती भाकरी गिळवली नाही. वडिलांना काय सांगायचं, धाकट्या बहिणीचं संगमनेरचं कॉलेज कसं व्हायचं, हेच डोक्यात फिरत होतं. गुरुवारी सकाळी तिनं न तुटलेल्या पात्यांचे तेवढे आकडे अहवालात लिहिले आणि ठप्पा बाहेर काढला. सहा हजार पात्यांवर तो उठवायला संध्याकाळ झाली. मामा भट्टीपाशी उभे राहून बघत होते. त्या दिवसापासून सगळे तिच्याशी बोलायला लागले.

मार्चमध्ये अमेरिकेतून फॅक्स आला, मागोमाग फोटो. पांढऱ्या कापडावर तुटलेलं पातं, शेजारी मोजपट्टी, आणि ठप्पा अगदी स्पष्ट. दुसऱ्या फोटोत एक बाई खाटेवर बसलेली. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. नवरा गवत कापत होता, ती वीस फुटांवर कपडे वाळत घालत होती.

आप्पासाहेबांनी फोटो तिच्या हातात दिला.

"ठप्पा कुणाचा आहे, मॅडम?"

"माझा. पण तुम्ही..."

"मी? मी कुठं सही केलीय? त्यांचा साहेब परवा येतोय. त्याला कारण पाहिजे. मीटर खराब होता म्हटलं तर विचारील, मग माल पास कुणी केला? तुरुंगात तुम्हीच जाल. भट्टीवाल्यानं नीट शेकलं नाही म्हटलं, तर चूक एका अडाण्याची. कोणतं लिहायचं ते तुम्ही ठरवा." आणि जाता जाता म्हणाले, "नीट निभावलंत तर क्वालिटीचं सगळं खातं तुमच्याकडं."

रजिस्टरमधलं ते पान यशोधरानं स्वतःच्या हातानं फाडलं आणि भट्टीत टाकलं. मामा तेव्हा चहाला गेले होते.

गोरा साहेब उंच, घामानं भिजलेला आणि सभ्य होता. त्यानं भट्टी बघितली. मीटर आता नवा होता. मग म्हणाला, मला त्या भट्टीवाल्याशीच बोलायचंय. इंग्रजी धड येणारी एकटी यशोधराच. ती मध्ये उभी राहिली.

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "ताई, समदं सांगू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगा, मामा."

"सायेब, मीटर खराब हुता. पातं पिवळं निघत हुतं. मी त्याच दिशी ताईस्नी सांगितलं, वहीतबी लिवलंय. बाईचा पाय गेला म्हनं. मला लई वाईट वाटतंय. माजी लेक तेवढीच हाय."

यशोधरानं इंग्रजीत सांगितलं, की हा म्हणतो, मी पाती पुरेसा वेळ शेकली नाहीत. मला घाई होती.

साहेबाच्या कपाळावर आठी पडली. "तो मीटर म्हणाला ना? मीटरचं काय?"

आप्पासाहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

"तो म्हणतो," ती इंग्रजीत म्हणाली, "मी मीटरकडं बघितलंच नाही."

"आणि आता शेवटी काय म्हणाला?"

"त्याला फार वाईट वाटतंय."

एवढं एकच तिनं खरं सांगितलं. साहेब बराच वेळ मामांकडं बघत राहिला. मामांचे डोळे भरून आलेले त्याला दिसत होते. मग त्यानं पुढं होऊन मामांचा हात हातात घेतला. म्हणाला, चूक एवढ्या प्रामाणिकपणे कबूल करणारा माणूस मी कमी बघितलाय. मात्र याला परत भट्टीजवळ येऊ देऊ नका.

"काय म्हनला ओ, ताई?"

"तुम्ही खरं बोललात म्हणून त्याला बरं वाटलं."

मामांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर ते तिच्या पाया पडायला वाकले. तिनं घाईनं पाय मागं घेतले. "तुमी हुत्या म्हनून, ताई. न्हाईतर माजं कोन ऐकतंय?"

शनिवारी त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. बावीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला रखवालदारानं कागद दिला, आणि तो वाचून घ्यायला मामा फाटकाबाहेर यशोधराची वाट बघत उन्हात उभे राहिले. सुट्टी झाल्यावर ती बाहेर आली. तिनं कागद वाचून दाखवला. बेजबाबदारपणा, असा शब्द होता.

"ह्ये आप्पासायबाचं काम हाय," मामा म्हणाले. "गोऱ्याला ठाव नसंल. त्यानं माजा हात धरला हुता, समद्यांनी बगितलंय. ताई, त्याला एक पत्र लिवा. म्हनावं, मी खरं बोललो तर ह्यांनी मला काढलं. त्यो ऐकंल."

यशोधरानं नाही म्हणायला हवं होतं. तिनं पर्समधून पेन काढलं. लुनाच्या सीटवर कागद ठेवून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. भेटीबद्दल आभार, प्रवास सुखाचा झाला असेल अशी आशा, आपला नम्र. मामांनी खाली सावकाश सही केली आणि पत्र स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.

त्यानंतर दर सोमवारी ते जेऊरहून यायचे. "आलं का काही?" एवढंच विचारायचे. "अजून नाही, मामा," ती म्हणायची. क्वालिटीचं खातं तिच्याकडं आलं होतं, बसायला काचेची केबिन होती. पावसाळा लागेपर्यंत हे चाललं. मग एका शनिवारी तिनं रखवालदाराला बोलावून सांगितलं, की सोमवारी मामांना फाटकाशी थांबू द्यायचं नाही.

दोन आठवड्यांनी मामांच्या ऐवजी त्यांची बायको आली, लंकाबाई. रखवालदाराला न जुमानता ती केबिनपर्यंत पोचली. ओला पदर, चिखलानं भरलेले पाय.

"त्यो आजारी हाय. भट्टीशिवाय त्याला काय सुचत न्हाई, बसल्या जागी वाळाय लागलाय," ती म्हणाली. "म्हंतो, ताई देवमानूस हाय, पत्र येईल. मला इश्वास न्हाई. खरं सांगा, त्या कागदात काय लिवलं हुतं?"

यशोधरानं टेबलावरचा अहवाल पुढं ओढला. "जे सांगितलं तेच लिहिलं."

"माज्या डोळ्यात बघून सांगा."

यशोधरानं वर बघितलं नाही. तिनं फोन उचलून रखवालदाराला बोलावलं आणि म्हणाली, "कामगारांच्या घरच्यांनी आत यायचं नसतं."

लंकाबाईनं ओला पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "त्याला मी न्हाई सांगनार. तेवढ्यावरच जगतोय त्यो." रखवालदार यायच्या आत ती स्वतःच निघून गेली.